एकटा दट्ट्या : आरएक्स १०० समजून घेताना

मंडळाच्या मागच्या बैठकीत ठरलं की या ई-अंकासाठी प्रत्येकाने अभ्यासक्रमाबाहेरचा एखादा विषय नीट समजून घ्यायचा आणि सोप्या मराठीत मांडायचा. मी मोटरसायकलचं इंजिन म्हटल्यावर दोघी-तिघी हसल्या. त्यांचं बरोबर आहे. कविता शिकणाऱ्या मुलीने पिस्टनवर का लिहावं? पण हा विषय मी निवडलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत सुरतला गेले होते तेव्हा तो भर रस्त्यात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खरं तर उभा राहिला नाही, अडकून बसला.

आमचं घर मूळ वसईचं. आजोबा रेल्वेच्या नोकरीत सुरतजवळ उधन्याला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत खानदेशी मराठी, बाजारात गुजराती अशा भाषांत मी वाढले. माझे काका पांडेसरातल्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होते. त्यांच्याकडे काळ्या रंगाची यामाहा आरएक्स १०० होती, १९९३ चं मॉडेल, १९९७ मध्ये सेकंडहँड घेतलेली. कापडाचे ताके मागे बांधून ते याच गाडीवर फिरायचे आणि रविवारी मिस्साला काकूंना घेऊन याच गाडीवर यायचे. २०२१ मध्ये काका गेले. तेव्हापासून गाडी जिन्याखाली चादर पांघरून उभी होती. पप्पांनी गिऱ्हाईक शोधलं होतं, ऐंशी हजार द्यायला तयार असलेलं. काकूंनी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही.

रस्त्यावर काय झालं

मी काकूंना विचारून गाडी बाहेर काढली. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले, प्लग साफ केला, टाकी धुऊन नवं पेट्रोल भरलं. जुन्या गाडीचं ऑइल आधी बदलायचं असतं, हे पप्पांच्या स्कूटरमुळे माहीत होतं. म्हणून इंजिनाखालचा नट सोडून काळं ऑइल काढलं, नवं ओतलं आणि हात पुसत स्वतःवरच खूश झाले. आठव्या किकला गाडी सुरू झाली. तो टिणटिणता आवाज ऐकून काकू गॅलरीत आल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या.

तीन दिवस गाडी झकास चालली. चौथ्या दिवशी सकाळी मी उधन्याहून सचिनच्या दिशेने निघाले. चौथा गियर पडला होता. अचानक वाटलं की ॲक्सिलरेटर तेवढाच असून गाडी मागे ओढली जातेय. काही कळायच्या आत मागचं चाक लॉक झालं आणि टायर किंचाळला. डावा हात क्लचवर होता, तो आपोआप दाबला गेला म्हणून पडले नाही. मागे टेम्पो होता, तो हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला. गाडी कडेला घेतली. किक खाली जाईना. इंजिन जाम.

आप्पांचं गॅरेज आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. ते शिरपूरकडचे, काकांची गाडी कायम तेच बघायचे. मी ढकलत आणलेली गाडी पाहून ते उठले. "काय व्हयनं बेटा?" मी सांगितलं. त्यांनी बाजूचं झाकण काढलं आणि आतली छोटी टाकी दाखवली. कोरडी ठणठणीत.

"पण आप्पा, मी नवीन ऑइल टाकलं होतं."

"ते गियरबॉक्सचं, बेटा. इंजिनला त्यातला एक थेंब मिळत नाही."

या गाडीत दोन वेगळी ऑइलं असतात हे मला माहीत नव्हतं. ती दोन का असतात, हे समजायला इंजिन उघडावं लागलं. पुढचे पाच दिवस मी आप्पांच्या गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून काढले. हा लेख म्हणजे त्या पाच दिवसांच्या आणि त्यानंतरच्या वाचनाच्या नोट्स आहेत.

चार कामं, दोन धावा

पिस्टनला मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत दट्ट्या म्हणतात. शब्द ऐकायला ओबडधोबड आहे, पण वस्तूला शोभतो. आरएक्स १०० चा दट्ट्या तळहातात मावतो. त्याचा व्यास ५० मिलिमीटर, आणि सिलेंडरमध्ये तो खाली-वर धावतो ते अंतरही ५० मिलिमीटर. गणित केलंत तर ९८ घन सेंटिमीटर येतात. म्हणजे नावात १०० असलं तरी कारखान्यातून गाडी ९८ सीसीची निघायची.

पेट्रोलच्या कुठल्याही इंजिनाला चार कामं करावी लागतात. हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणं, ते दाबणं, पेटवून त्याच्या जोरावर दट्ट्या ढकलणं आणि जळालेला वायू बाहेर टाकणं. आजच्या बहुतेक गाड्यांमधलं फोर-स्ट्रोक इंजिन प्रत्येक कामाला दट्ट्याची एक स्वतंत्र धाव देतं. खाली, वर, खाली, वर. चार धावांत एकदा ठिणगी. आत-बाहेरचे दरवाजे उघडायला-मिटायला वर झडपा असतात, आणि त्या झडपांना वेळेवर हलवायला कॅमशाफ्ट, साखळी, स्प्रिंगा असा सगळा नोकरवर्ग असतो.

टू-स्ट्रोकमध्ये हा नोकरवर्गच नाही. सिलेंडरच्या भिंतीत खिडक्या कापलेल्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. दट्ट्या जाता-येता स्वतःच्या अंगाने त्या झाकतो आणि उघडतो. म्हणजे इंजिनाचा राजाही तोच आणि दरवानही तोच.

आता एक फेरी सावकाश पाहू. ठिणगी पडली, मिश्रण पेटलं, दट्ट्या खाली निघाला. खाली येताना तो आधी धूर बाहेर जाण्याचा पोर्ट उघडतो, कारण तो थोडा वर कापलेला असतो. जळालेला वायू दाबाखाली असतो, तो सुटतो. दट्ट्या आणखी खाली आला की बाजूचे पोर्ट उघडतात. दरम्यान दट्ट्याच्या खालच्या बंद खोलीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ताजं मिश्रण भरलेलं होतं. दट्ट्या खाली येताना तेही दाबलं गेलं. ते आता बाजूच्या पोर्टांतून वर घुसतं आणि उरलेला धूर पुढे ढकलतं. मग दट्ट्या वर फिरतो, एकेक खिडकी बंद करतो, मिश्रण दाबतो. त्याच वेळी त्याच्या खालची खोली मोठी होत असते, तिथे दाब कमी होतो आणि कार्बोरेटरमधून नवं मिश्रण आत ओढलं जातं. पुन्हा ठिणगी.

दोन धावांत चारही कामं झाली, कारण दट्ट्या वरच्या अंगाने एक काम करत असताना खालच्या अंगाने दुसरं करत होता. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. आरएक्स १०० ची कमाल ताकद ११ अश्वशक्ती, मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर. म्हणजे त्या वेळी सेकंदाला १२५ स्फोट. त्याच काळात आलेल्या फोर-स्ट्रोक हिरो होंडा सीडी १०० चं इंजिन जवळपास एवढंच, ९७ सीसीचं, पण त्याची ताकद साधारण साडेसात अश्वशक्ती. आणि आरएक्सचं वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. लोक तिला वेडी गाडी म्हणायचे त्यामागे हे साधं गणित आहे.

भाग कमी असण्याचा एक फायदा आमच्या घराने पाहिलाय. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि अर्ध्याहून अधिक सुरत पाण्यात गेलं. काकांची गाडी तेव्हा अडाजणला मित्राकडे होती. ती पूर्ण बुडाली. आप्पा सांगतात, इंजिनातून पाणी नाही, गाळ निघाला. पण वर ना झडपा, ना कॅमशाफ्ट. उघडलं, रॉकेलने धुतलं, बेअरिंगं बदलली, दट्ट्या नवा टाकला आणि गाडी परत रस्त्यावर आली.

पेटी आणि पाती

दुसऱ्या दिवशी आप्पांनी कार्बोरेटर काढला. त्याच्या मागे एक छोटासा ठोकळा होता, घराच्या छपरासारखा उतरता, आणि त्यावर कागदासारख्या पातळ पोलादी पात्या बसवलेल्या. मी म्हटलं, "आप्पा, हे तर पेटीतल्या सुरांसारखं दिसतंय." मी चर्चच्या क्वायरमध्ये पेटी वाजवते. पेटी उघडली की आत पितळी पात्यांची रांग दिसते, तीच आठवली. आप्पा म्हणाले, "याला रीडच म्हणतात."

हा योगायोग नाही, निदान पूर्ण नाही. १८८७ साली जपानमधल्या हमामात्सू गावात तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिराने एका शाळेची बिघडलेली पेटी, म्हणजे पायाने भाता मारायचा रीड ऑर्गन, दुरुस्त केली. मग स्वतःच ऑर्गन बनवायला घेतले. त्यातून वाद्यांची कंपनी उभी राहिली, आणि त्या कंपनीतून १ जुलै १९५५ रोजी यामाहा मोटर ही मोटरसायकलची कंपनी वेगळी झाली. आरएक्सच्या टाकीवरचं चिन्ह नीट पाहा. एकमेकांवर ठेवलेले तीन नादकाटे आहेत ते, वाद्यं सुरात लावायला वापरतात ते.

रीडचं काम समजायला सोपं आहे. पेटीत हवा जाताना पाती थरथरते आणि सूर देते. इंजिनात ती फक्त एकाच बाजूला वाकते. क्रँककेसमध्ये दाब कमी झाला की पाती उघडून मिश्रण आत सोडते, दाब वाढला की आपोआप मिटते. आधीच्या अनेक टू-स्ट्रोक गाड्यांत आत येण्याचा पोर्टही दट्ट्याच उघडायचा. त्यात अडचण अशी की दट्ट्या वर जाताना ज्या ठिकाणी खिडकी उघडतो, खाली येताना त्याच ठिकाणी बंद करतो. त्याला दुसरा पर्यायच नाही. त्यामुळे कमी वेगात आत आलेलं मिश्रण थोडं परत कार्बोरेटरकडे फेकलं जायचं. यामाहाने १९७२ पासून आपल्या गाड्यांत ही पाती बसवायला सुरुवात केली आणि तिला टॉर्क इंडक्शन असं नाव दिलं. दट्ट्याच्या खांद्यावरचं एक काम एका पातीने उचललं. मागे कापडाचे ताके बांधलेली गाडी कमी वेगातही न अडखळता उचल घ्यायची, त्यात या पातीचा वाटा मोठा.

कुणाचं मूळ कुठे

आपण साहित्यात प्रभाव आणि रूपांतर यांवर पेपर लिहितो. मोटरसायकलच्या जगातही तेच चालतं, फक्त जरा उघडपणे.

टू-स्ट्रोकची मूळ कल्पना ब्रिटिशांची. डुगाल्ड क्लार्क आणि नंतर, क्रँककेसचा पंपासारखा वापर करणारा जोसेफ डे, हे दोघे एकोणिसाव्या शतकातले. पण ताजं मिश्रण आत शिरताच समोरच्या पोर्टमधून निसटू नये यासाठी खरी युक्ती केली जर्मन इंजिनिअर आडोल्फ श्न्युर्ले याने, १९२० च्या दशकात. त्याने बाजूचे पोर्ट तिरके कापले, असे की मिश्रण आधी मागच्या भिंतीकडे जाईल, तिथून वर वळेल आणि गिरकी घेत खाली येताना धुराला ढकलेल. जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीने ही युक्ती आपल्या गाड्यांत वापरली. त्यांची आरटी १२५ ही छोटी गाडी इतकी नीट जमली होती की युद्धात जर्मनी हरल्यावर इंग्लंड, अमेरिका, रशिया सगळ्यांनी तिच्या नकला काढल्या. यामाहाची पहिली गाडी, १९५५ ची वायए-१, तीही त्याच गाडीवरून बेतलेली. जपानी लोक तिला लाडाने अकातोम्बो म्हणायचे, म्हणजे लाल चतुर. आमच्या जिन्याखालची काळी गाडी या लाल चतुराच्याच वंशातली.

दुसरी गोष्ट सायलेन्सरची. डीकेडब्ल्यूचा कारखाना ज्या त्शोपाऊ गावात होता ते युद्धानंतर पूर्व जर्मनीत गेलं आणि तिथे एमझेड ही कंपनी आली. तिथल्या वाल्टर काडेन या इंजिनिअरने धुराच्या नळीतल्या लाटांचा अभ्यास केला. पोर्ट उघडला की दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी पुढे रुंद होत गेली तर त्या लाटेचा प्रतिध्वनी ओढ घेऊन परत येतो आणि सिलेंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढतो. त्यानंतर नळी पुन्हा अरुंद केली तर दुसरा प्रतिध्वनी धक्का घेऊन येतो, आणि सिलेंडरमधून बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत परत ढकलतो. म्हणजे ज्या दरवाजाला दारच नाही, तिथे आवाजाच्या लाटेचं दार बसवलं. १९६१ पर्यंत काडेनने १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्याचा रेसर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पळून पश्चिमेकडे गेला आणि ही विद्या सुझुकीकडे पोचली. पुढच्याच वर्षी डेग्नर सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला. आपल्या भाषेत याला वाङ्मयचौर्य म्हणायचं की प्रभाव, ते तुम्ही ठरवा.

आरएक्सच्या सायलेन्सरमध्ये रेसिंगच्या नळीएवढा मोठा शंकू नाही, पण तत्त्व हेच. म्हणूनच सायलेन्सर कापून गाडीचा आवाज वाढवणाऱ्या पोरांचं आप्पांना हसू येतं. आवाज वाढतो, पण लाटेचं टायमिंग बिघडतं आणि ताकद कमी होते. "आवाजाने गाडी पळत नाही बेटा," ते म्हणाले, "आवाज परत आला तर पळते."

परत न येणारं तेल

आता माझ्या चुकीकडे येते.

फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनाच्या तळाशी तेल साठलेलं असतं. तेच तेल पुन्हा पुन्हा फिरतं, मग काही हजार किलोमीटरनंतर आपण ते बदलतो. टू-स्ट्रोकमध्ये हे शक्य नाही, कारण तळाच्या खोलीतून ताजं मिश्रण जात असतं. तिथे तेल साठवायला जागाच नाही. म्हणून तेल मिश्रणाबरोबरच पाठवावं लागतं. ते जाता जाता क्रँकच्या बेअरिंगांना, दट्ट्याला, सिलेंडरच्या भिंतीला लागतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून जातं. एकदा गेलं की परत येत नाही. निळसर धूर आणि तो ओळखीचा वास त्या जळलेल्या तेलाचाच.

जुन्या स्कूटरवाल्यांना आठवत असेल, पेट्रोल पंपावर लिटरमागे २० मिलिलिटर असं टू-टी ऑइल मिसळून घ्यायचे. यामाहाने १९६४ पासून यावर ऑटोल्युब हा उपाय आणला. तेलाची वेगळी टाकी आणि इंजिनावर चालणारा छोटा पंप. ॲक्सिलरेटरची एक वायर कार्बोरेटरकडे जाते, दुसरी या पंपाकडे. मूठ जास्त पिळली की पेट्रोल वाढतं तसं तेलही वाढतं. कमी वेगात कमी तेल, म्हणजे कमी धूर आणि कमी काजळी. सोय उत्तम आहे, फक्त टाकीत तेल भरायची आठवण माणसाने ठेवायची. गियरबॉक्स ही याच इंजिनाच्या पोटातली वेगळी बंद खोली, तिचं तेल वेगळं. मी पोट भरलं आणि घसा कोरडा ठेवला.

जाम का झालं, तेही लिहिते. दट्ट्या ॲल्युमिनियमचा, सिलेंडर आतून बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून थंड असताना दोघांमध्ये काही शतांश मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असते आणि त्या फटीत तेलाचा पापुद्रा असतो. टाकीच्या तळाशी जे थोडं तेल उरलं होतं त्यावर गाडी तीन दिवस चालली. ते संपलं, घर्षण वाढलं, दट्ट्या तापून फुगला आणि भिंतीला चिकटला. आप्पांनी सिलेंडर वर उचलला तेव्हा दट्ट्याच्या धुराकडच्या अंगावर उभे ओरखडे दिसले, आणि भिंतीवर ॲल्युमिनियमची राख फासल्यासारखे डाग. ती बाजू सगळ्यात जास्त तापते, म्हणून आधी तीच जाते. मी बराच वेळ तो दट्ट्या हातात घेऊन बसले होते.

धुराचं काय?

या गाडीचं कौतुक करताना लोक एक गोष्ट टाळतात, ती मी टाळणार नाही. ताजं मिश्रण आणि जळालेला धूर एकाच वेळी, एकाच खोलीत, दोन्ही दरवाजे उघडे असताना असतात. गिरकी कितीही चांगली असो, लाट कितीही वेळेवर येवो, थोडं ताजं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. त्यात जळलेलं तेल मिसळतं. क्रँकच्या दर फेऱ्याला एक ठिणगी असूनही ताकद दुप्पट होत नाही, ती याच गळतीमुळे. आणि मागच्या माणसाला खोकला येतो तोही याच गळतीमुळे.

भारतात आरएक्स १०० आली १९८५ मध्ये, एस्कॉर्ट्स कंपनीच्या सहकार्याने, आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आरएक्स १३५ पुढे काही वर्षं चालली. प्रदूषणाचे निकष १९९६ आणि २००० मध्ये कडक होत गेले आणि कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकला रस्ता उरला नाही. दरवाजे बंद झाल्यावर पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारण्याचं तंत्र पुढे बोटींच्या इंजिनांत आलं, पण स्वस्त मोटरसायकलला ते परवडणारं नव्हतं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की या इंजिनाचा गुण आणि दोष वेगवेगळ्या जागी नाहीत. झडपा नाहीत म्हणून ते हलकं आणि चपळ, आणि झडपा नाहीत म्हणूनच ते गळकं. तेल साठत नाही म्हणून रचना सोपी, आणि तेल साठत नाही म्हणूनच धूर. एकाला काढून दुसरं ठेवता येत नाही. ती गाडी आवडणं आणि ती रस्त्यावरून गेली हे योग्य झालं असं म्हणणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडी शोभू शकतात. निदान मी तरी दोन्ही म्हणते.

पाऊण मिलिमीटर

ओरखडे पडलेला सिलेंडर तसाच वापरता येत नाही. तो बोअरिंगवाल्याकडे नेऊन आतून थोडा मोठा कापून घेतात आणि तेवढाच मोठा दट्ट्या बसवतात. हे दट्ट्ये पाव पाव मिलिमीटरने वाढत जातात : ०.२५, ०.५०, ०.७५ आणि शेवटचा १.००. त्यापुढे भिंत पातळ होते. मग आत नवा लायनर ठोकता येतो, पण तो मूळ सिलेंडर राहत नाही.

आप्पांनी जुन्या दट्ट्याची काजळी खरवडली. डोक्यावर आकडा उमटलेला होता : ०.५०. म्हणजे पाव मिलिमीटर पुराने खाल्लं, पाव काकांच्या वापराने. आता ०.७५ माझ्या नावावर. त्यानंतर एकच उरतो.

हा हिशोब मी संध्याकाळी घरी सांगितला. काकू आत गेल्या आणि कपाटातून एक लाल वही घेऊन आल्या. काकांची. पानापानांवर तारीख, किलोमीटर आणि पुढे एकच नोंद : टू-टी एक लिटर. मध्येच कुठे प्लग, कुठे चेन, दोन ठिकाणी बोअर. शेवटची नोंद मार्च २०२१ ची. मी वर्षाला पन्नासेक पुस्तकं वाचते, दुसऱ्यांच्या डायऱ्यांवर निबंध लिहिते. ही वही आधी मागितली असती तर गाडी जाम झाली नसती.

पप्पांनी गिऱ्हाइकाचा विषय परत काढला. जाम झालेल्या गाडीलाही तो साठ द्यायला तयार होता, सायलेन्सर कापून रंग बदलणार होता. काकू म्हणाल्या, "राहू दे. पण जिन्याखाली ठेवायची असेल तर विकून टाका. चालवणार असाल तर राहू दे." पप्पा यावर काही बोलले नाहीत. त्यांच्यात नाही म्हणायचं असेल तर ते बोलतात.

बोअर करून आणलेल्या सिलेंडरच्या प्रत्येक पोर्टची धार आप्पांनी बारीक कानशीने मोडली. धार राहिली तर दट्ट्याची रिंग तिच्यात अडकते. रिंगांची तोंडं जागच्या जागी अडवायला दट्ट्यावर छोट्या पिना असतात, त्या त्यांनी मला बोटाने चाचपायला लावल्या. दट्ट्याच्या डोक्यावर बाण असतो. तो धुराच्या बाजूला करायचा. तो मी बसवला. आप्पांनी फक्त सर्कलिप नीट बसली का ते पाहिलं. आणि त्याआधी, सगळ्यात आधी, मी त्या छोट्या टाकीत एक लिटर तेल ओतलं.

पहिले काही शे किलोमीटर गाडी सांभाळून चालवायची असते, दट्ट्या आणि भिंत एकमेकांना सरावेपर्यंत. मी मुंबईला परत येईपर्यंत ११० झाले. आता दर रविवारी पप्पा ती चर्चपर्यंत काढतात आणि मला प्लगचा फोटो पाठवतात. चॉकलेटी रंग आला तर सगळं ठीक, काळा ओला असेल तर तेल जास्त, पांढरा पडला तर घाबरायचं. कालचा चॉकलेटी होता.

एक हिशोब सांगून थांबते. ५०.७५ मिलिमीटर व्यास आणि ५० मिलिमीटर धाव, म्हणजे १०१ घन सेंटिमीटर. कारखान्यातून ९८ सीसीची निघालेली आरएक्स झिजता झिजता आता नावापेक्षा मोठी झालीय. लाल वहीत मार्च २०२१ च्या खाली मी तारीख, किलोमीटर आणि पुढे तेवढंच लिहिलं : टू-टी एक लिटर.